फिनलंडमधलं अभ्यंग

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. कंपनीच्या कामासाठी फिनलंडला गेलो होतो. तिथला सॉना म्हणजे गरम पाण्याची अंघोळच असणार, असं समजून मी तिने बॅगेत घातलेलं तिळाचं तेल दिवाळीसारखं अंगभर चोळलं आणि आत शिरलो. वरच्या लाकडी बाकावर एक म्हातारा बसला होता. मी चड्डीत अवघडलेला, तो नागडा आणि निवांत. थोड्या थोड्या वेळाने उठून तो तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकायचा आणि अभिषेक आटोपल्यासारखा गुमान जागेवर बसायचा. मला मनातून हसू येत होतं. एकदा उतरताना पायरीवरच्या माझ्या तेलावरून तो घसरला. मनगट मोडलं. कळवळत मलाच म्हणाला, "माफ करा, तुमची अंघोळ बिघडवली. वय झालं माझं."

मी म्हणालो, "चालायचंच."

बडोद्यात, आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत, अजून फर्माईश होते, "काका, पेला नागडा धोळियानी वात करो ने!" मी त्या नागड्या गोऱ्याची गोष्ट सांगतो, पडूनही दाखवतो. तेलाचा भाग तेवढा गाळतो. लोक पोट धरून हसतात.

त्याचं नावही मी विचारलं नाही. माफी मी मागायला हवी होती. ती अजून मागायची आहे.