फक्त वर्गणीदारांसाठी

प्रफुल्ल तीन वर्षं खालच्या मजल्यावर भाड्यानं राहिला; पण शिवरामभाऊंना त्याच्याबद्दल माहीत होतं ते अगदीच थोडं. मूळचा शहाडचा, तिथल्या जुन्या शेतकरी घरातला. सकाळी स्कूटर काढायचा, संध्याकाळी शीळफाट्याची धूळ अंगावर घेऊन परतायचा. बायको, भावना, एका दवाखान्यात कामाला. तो कुठल्याशा वर्तमानपत्रात 'काहीतरी करतो', एवढंच ऐकलेलं. कुठल्या, काय, हे शिवरामभाऊंनी कधी विचारलं नाही.

त्यांना स्वतःचं एक काम सापडलं होतं. सुनेनं, रसिकानं, त्यांच्या मोबाइलवर एका वर्तमानपत्राची वर्गणी भरून दिली होती. रोज सकाळी चहाबरोबर ते ठाणे-कल्याणच्या बातम्या उचलत आणि नौपाड्यातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर टाकत. अडीचशे माणसं. बातमीखाली 'हा मजकूर फक्त वर्गणीदारांसाठी' अशी ओळ असे. ती ते आठवणीनं पुसत. मग हात जोडलेली चित्रं येत, 'धन्य आहात भाऊ!' निवृत्त झाल्यापासून त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

एका रविवारी सोसायटीच्या सभेत प्रफुल्ल चाचरत उभा राहिला.

"एक मिनिट घेतो. आमचा पेपर छापायचा बंद झालाय, आता नुसता मोबाइलवर. महिन्याला एकोणपन्नास रुपये. जो वर्गणीदार आणेल तोच बातमीदार राहणार, असं वरून आलंय. पन्नास नावं झाली तर माझं निभेल."

त्यानं पेपरचं नाव सांगितलं आणि शिवरामभाऊंचे कान गरम झाले.

"अरे, पैसे कशाला?" तिसऱ्या मजल्यावरच्या सगुणाबाई हसल्या. "तुझा पेपर भाऊ रोज फुकट वाढतात आम्हाला. पाणपोईच घातलीय त्यांनी! ही बघ, नदीतल्या जलपर्णीची बातमी. कुणी लिहिलीय कुणास ठाऊक, पण छान लिहिलीय हो."

प्रफुल्लनं फोन हातात घेऊन पाहिला. बातमीवर नुसतं 'प्रतिनिधी' होतं.

"मीच लिहिलीय, काकी. चार दिवस होडीतून फिरलेलो."

"मग तर घरचीच बातमी! घरच्यांना पैसे लावतोस होय रे?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. शिवरामभाऊही हसले.

प्रफुल्लनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि फोन परत दिला. कागदावर सात नावं झाली.

दुसऱ्या दिवशी शिवरामभाऊंनी काही पाठवलं नाही. आठ वाजता ग्रुपवर सुरू झालं, 'भाऊ, तब्येत बरी आहे ना? बातम्या नाहीत?' साडेआठपर्यंत त्यांनी दम धरला. मग पाठवल्या. ती ओळही पुसली.

दोन महिन्यांनी खाली टेम्पो लागला. प्रफुल्लची नोकरी गेली होती. दोघं शहाडला, वडिलांच्या घरी चालले होते. शिवरामभाऊ जिना उतरले ते मनाशी घोकतच. 'माझं चुकलं रे.' एवढंच तर म्हणायचं होतं. प्रफुल्ल गाद्यांना दोरी आवळत होता. त्यानं मान वर केली.

"निघालास?" शिवरामभाऊंनी विचारलं.

"हो काका. बरं झालं भेटलात. उद्या दिवसभर पाणी नाही आपल्याकडे, आत्ताच कळलं. भरून ठेवा. आणि ग्रुपवर टाका."

"टाकतो," शिवरामभाऊ म्हणाले.