मावशींची पेटी

आमच्या घरमालकीण मावशींनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे विजेनंही कुणाला दिले नसतील. आठवीतून शाळा सुटली, आणि अठरा पूर्ण होताच मी पार चंदगडहून वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला आले, मावशींच्या वरच्या खोलीत राहिले. पहिल्याच संध्याकाळी बघते तर काय, साठी उलटलेली ही बाई अंबाड्यातला आकडा काढून एका पत्र्याच्या पेटीच्या हिरव्या-काळ्या वायरीत खुपसतेय. आत काहीतरी घर्र करून फिरलं आणि मी जिन्याकडे पळाले. तो म्हणे जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, हिरवी आणि काळी वायर आकड्यानं जोडली की चालू होणारा. मावशींच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, कॉम्प्युटर क्लास होता. ते गेल्यावर मावशींनी बाकी सगळं भंगारात दिलं, पेटी तेवढी ठेवली. तिच्यावर बुद्धमूर्तीभोवतीचे निळे दिवे चालत, रेडिओ चाले, डास हाकलायचा पंखाही. झाकणाला मात्र हात लावू देत नसत. "बंद केली तरी आत करंट दबा धरून बसतोय, पोरी." त्यानंतर मी पेटीला लांबूनच नमस्कार करून जायची.

मग कंपनीत पॅकिंगचं मशीन आलं आणि हातानं पॅकिंग करणाऱ्या आम्ही नकोशा झालो. वायरिंगची परीक्षा पास झाले तर काम, नाहीतर परत गावी. आणि गावी माझं स्थळ पाहून ठेवलेलं. मी रडत सांगितलं, तर मावशींनी डाळ घोटता घोटता मालकांची वायरी डाखायची सोल्डरिंग गन माझ्या हातात दिली. "रडायचं तर रड, पण वायरीवर थेंब नको पाडू."

रोज संध्याकाळी मी पेटीसमोर. तिच्या लाल वायरीला रिक्षाचा एक बल्ब कायम मिणमिणत असे. फुकट जळतोय म्हणून एकदा काढला, तर पेटीच बंद. मला वाटलं, मोडली. मालकांची आठवण होती ती. मावशी खो खो हसल्या. "जुनी हाय ती. मोकळी चालत नाय. थोडं वझं लागतंय तिला."

पास झाले. पेढे घेऊन धावत आले, तर मावशी चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "मग आता कंपनीजवळ खोली बघशील."

असला धक्का त्यांनीही कधी दिला नव्हता.  पेटी बंद होती, बल्ब सुटा पडलेला. मी बल्ब जोडला, माझ्या केसातला आकडा काढला आणि हिरवी-काळी एक केली.

बल्ब मिणमिणला. मावशींनी मागं न बघताच डाळीत आणखी एक तांब्या पाणी ओतलं.