कव्हरवर मी छापलं, 'चाल: पारंपरिक'

मंडळी, आज सकाळी वसईच्या पाचूबंदरला मासळी आणायला गेलो आणि मान खाली घालून परतलो.

ऐंशीच्या दशकात माझा कॅसेटचा धंदा होता, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझे कान तिखट. एका हळदीत पारूबाई नावाच्या कोळीणबाईंच्या तोंडून गाणं ऐकलं, चाल उचलली आणि शब्द बदलून विनोदी गाणं केलं. "मीच जुळवलंय," असं त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. तेवढंच मी ऐकलं नाही. परवानगी मागायला नको म्हणून कव्हरवर 'चाल: पारंपरिक' छापून मोकळा झालो. कॅसेट वसईभर वाजली.

आज त्याच पारूबाई समोर पाटी घेऊन बसलेल्या. मला ओळखून म्हणाल्या, "काय शेट, माझ्या गान्यावर माझं नाव नाय टाकलं?"

जुन्या सवयीने बोलून गेलो, "मावशी, ती चाल पारंपरिक ना!"

"म्हंजे मेलेल्या मानसांची ना? मी तं जिती हाय."

मग हसून त्यांनी मला चांगले बोंबील निवडून दिले. ते हसणं जास्त लागलं.

तुमच्यापैकी कुणाकडे ती कॅसेट असेल, तर 'पारंपरिक' खोडून तिथे पेनाने 'पारूबाई' लिहाल का?