कुलपातला डबा

अंगणवाडीच्या शकुनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिलीच्या वर्गात एका पोरावर ओरडत होतो. पेन्सिल मुठीत धरून त्याने वही टराटरा फाडली होती. फोन ठेवला, त्याच्याकडे पाहिलं... ओरडायला हवं होतं ते स्वतःवर. पाच आठवडे झाले, राग उतरत नाही.

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात शाळा आणि अंगणवाडी यांच्यात एक बुटकी भिंत. पलीकडे शकुनताई चार वर्षांच्या पोरांना पळसाच्या पानांचे द्रोण करायला बसवायच्या. लग्नघरी बाया पत्रावळी टाचतात, तसंच. पान दुमडायचं, चिमटीत काडी धरायची, टोचायची, उरलेली मोडायची. कधी हरभऱ्यातून लाखोळीचे दाणे निवडायचे. सगळं हसतखिदळत. त्यांची पोरं माझ्याकडे आली की पेन्सिल अलगद धरायची, आणि श्रेय मी खुशाल घ्यायचो.

मग एका बैठकीत मीच तोंड उघडलं, "अंगणवाडीतून पोरं येतात, एक अक्षर येत नाही." अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाईंना तेवढंच हवं होतं. "हा कचरा बंद," म्हणत त्यांनी काड्यांचा डबा कपाटात कोंबला, कुलूप लावून किल्ली नेली आणि पोरांपुढे गिरवायच्या वह्या टाकल्या. ताई भिंतीवरून म्हणाल्या, "काऊन गुरुजी, आदी बोटायले बळ त येऊ द्या. अक्षरं का पळून जाऊन राहिले?" मी हसलो. पुढच्या जूनला फाटक्या वह्या पाहून सगळं कळलं, पण "चुकलो" म्हणायला जीभ रेटली नाही. रोज भिंतीपलीकडे होत्या त्या!

शोकसभेत त्याच पर्यवेक्षिकाबाई डोळे टिपत ताईंच्या खेळांचं कौतुक करत होत्या. लाज कशी वाटत नाही? आणि मी तरी कोण मोठा... मीही मान डोलावत बसलो होतो.

परवा अंगणवाडीत जाऊन दगडाने ते कुलूप फोडलं. "कायले तोडता गुरुजी, बाई रागावन ना," मदतनीस म्हणाली. रागावू दे. डब्यात काड्या होत्या आणि कुणीतरी अर्धाच टाचलेला, वाळून कडक झालेला एक द्रोण. डबा वर्गात नेला, ताजी पानं आणली, त्या वही फाडणाऱ्या पोराशेजारी मांडी घातली. माझी काडी तीनदा मोडली.

"तुमाले येत नाही का गुरुजी?" त्याने विचारलं.

"नाही येत," मी म्हणालो. किती सहज म्हणालो! भिंतीपलीकडे ताई उभ्या होत्या तेव्हा काय झालं होतं मला?