बुटातली काशी

दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी शिरत नाही, त्यामुळे बर्फसुद्धा माणसाच्या डोक्यावरून येतो. जेठाच्या दुपारी ठंडईवाल्याची बर्फाची सिल्ली गोणपाटात गुंडाळून हमाल निघाला, की दम खायला तो लोहोकऱ्यांच्या पायरीशी थांबायचा. आणि नेमके त्याच वेळी बिंदुमाधव लोहोकरे बाहेर यायचे. काम काही नसे. गोणपाटाचं टोक बाजूला सारून उघड्या बर्फावर तळवा टेकायचे आणि उभे राहायचे.

"गुरुजी, नाडी लागली का?" समोरच्या दुकानातून शिवराम टोके हाक द्यायचा.

"तुझी तपासून घे आधी. सकाळपासून तिसरं पान आहे."

शिवरामचं दुकान जानव्यांचं, तांब्याच्या लोट्यांचं आणि सीलबंद गंगाजलाचं. माणूस वाईट नाही. गल्लीतली बातमी आपल्या आधी दुसऱ्याला कळलेली मात्र त्याला सोसत नाही. बिंदुमाधवांची बातमी तर त्याच्या हक्काची, कारण मधे गल्ली हातभर रुंद. गुरुजींच्या घरात फोन वाजला की शिवराम तराजू खाली ठेवायचा.

आणि फोन वाजायचा तो ईशानीचा. गुरुजींची एकुलती एक लेक. पुण्याला शिकली, पुढे नॉर्वेला गेली, समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास केला, आणि आता उन्हाळाभर एका लहानशा जहाजावर असते. युरोपच्याही डोक्यावर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर स्वालबार्ड नावाची बेटं आहेत. तिथला बर्फ, अस्वलं, पक्ष्यांचे कडे बघायला जगभरची माणसं येतात. ती त्यांना रबरी होड्यांतून हिंडवते. खांद्याला बंदूक. अस्वल फार जवळ आलं तर म्हणून.

"बंदूकवाली भटीण," शिवराम म्हणायचा, पण अभिमानाने. यात्रेकरूंना दुकानात बसवून तो तिचे फोटो दाखवायचा, जशी स्वतःचीच लेक.

तर फोनवर बर्फ दिसायचा. निळा, दुधी, कुठे कुठे मोरपंखी. एकदा बर्फाच्या तुकड्यावर मिशीवाले, सुळेवाले अगडबंब प्राणी एकमेकांवर रेलून पडलेले दिसले. "बाबा, हे वॉलरस."

"दशाश्वमेधावर जेवण झाल्यावर छत्रीखाली पंडे पडतात, तसेच दिसतात ग."

"बाबा! कुणी ऐकेल."

"ऐकतोच आहे," समोरून शिवराम म्हणाला.

मग ईशानी दर वर्षीचं वाक्य म्हणायची, "या ना बाबा. घरच्या एका माणसाला आणता येतं आम्हाला. माझ्याच केबिनमध्ये दुसरा बिछाना आहे." आणि गुरुजी दर वर्षीचं उत्तर द्यायचे, "बघू." लेकीच्या एकाही घराचा उंबरा त्यांनी पाहिला नव्हता. पुण्यातली खोली, नॉर्वेतली खोली, जहाजावरची खोली, सगळ्या त्यांना फोनवर तिच्यामागे दिसतील तेवढ्याच ठाऊक. एक खिडकी, एक खुंटी, खुंटीवर लाल कोट. त्या कोटाला पाठीमागून बेल्ट आहे की नाही, एवढंसुद्धा त्यांना कधी कळलं नव्हतं.

का जात नव्हते? गुडघे धड होते, पासपोर्टही लेकीने हट्टाने काढायला लावला होता. पण गुरुजींचा क्षेत्रसंन्यास होता. म्हणजे उरलेल्या जन्मात काशीच्या पंचक्रोशीची सीमा ओलांडायची नाही. इथेच राहायचं, इथेच डोळे मिटायचे. फार मोठं व्रत. आणि ते गुरुजींना चुकून लागलं होतं.

हसू नका. गल्ली तेव्हा हसली होती आणि मग एकदम गप्प झाली होती.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेचे दाजी कुंभोजकर क्षेत्रसंन्यास घ्यायला आले होते. लोहोकऱ्यांचे पिढीजात यजमान, कानाने अधू. संकल्पाची रीत अशी, की यजमानाने तळव्यात पाणी घ्यायचं, गुरुजी सांगतील तसं म्हणायचं, आपलं नाव-गोत्र उच्चारायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. पाणी सोडलं की शब्द बांधला गेला. दाजींना ऐकू येईना, म्हणून गुरुजींनी दाखवायला स्वतःच्याच तळव्यात पाणी घेतलं. "असं धरा, दाजी." नाव-गोत्राची वेळ आली. दाजी गंगेकडे बघत बसले, तोंडातून शब्द नाही. गुरुजींची जीभ मात्र थांबली नाही. रोजच्या संध्येची सवय. स्वतःचंच गोत्र, स्वतःचंच नाव बाहेर पडलं आणि पाठोपाठ पाणीही सुटलं.

"झालं!" शिवराम ओरडला. "गुरुजी अडकले!"

दाजी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मिरजेला परत. इकडे गल्लीतल्या शास्त्र्यांचे दोन तट पडले. एक म्हणाला चूक ती चूक, व्रत लागत नाही. दुसरा म्हणाला, पाणी पडलं, विषय संपला. बिंदुमाधवांनी मात्र वाद घातलाच नाही. तीनच महिने आधी त्यांची बायको नीरजा गेली होती. इलाजासाठी लखनौला नेली आणि तिथेच गेली. जन्मभर परगावच्या माणसांना काशी मिळवून दिली, आणि घरच्या माणसाला शेवटी लखनौ. त्या दिवशी तळव्यातून पाणी सुटलं तेव्हा त्यांना वाटलं, हा हात तिनेच हलवला. आता तरी जागचे हलू नका, म्हणाली.

म्हणून ते हलले नाहीत. ईशानीच्या पदवीदानाला नाही, तिच्या आजारपणात नाही. आणि आता, साठी उलटल्यावर, त्या माणसाला बर्फाचं वेड लागलं होतं. की लेकीचं? शिवरामचं मत, दोन्ही एकच.

गेल्या जेठात ईशानीचा फोन आला तो वेगळाच. "बाबा, या मोसमानंतर मी जहाज सोडतेय. नॉर्वेतच ट्रॉम्सोला विद्यापीठात जागा मिळाली. मग जहाज नाही, केबिन नाही. तुम्ही एकदा बघावं असं फार वाटत होतं. बस."

या खेपेला तिने "या ना" म्हटलं नाही. तेच गुरुजींना लागलं.

संध्याकाळी ते आपणहून शिवरामच्या दुकानात जाऊन बसले. हे इतकं नवलाचं, की शिवरामने पान थुंकलं.

"सुटका असते का रे, शिव्या?"

"गुरुजी, शास्त्री तुम्ही. मी जानवी विकतो." पण उपाय सुचवल्याशिवाय राहील तो शिवराम कसला! "एक करा. घाटावरची माती बुटात घाला. जिथे पाय टेकाल तिथे काशीच! सीमा ओलांडलीच नाही. काय? डोकं लागतं त्याला."

"बुटात? गाढवा, काशी पायाखाली घालू?"

"आत्ता कुठे डोक्यावर घेऊन चालताय?"

गुरुजींना हसू आलं, पण टिकलं नाही. मग शिवरामनेच न विचारता मिरजेला फोन लावला. व्रत मुळात दाजींचं. दाजी परत घेत असतील तर प्रश्नच मिटला, असा त्याचा हिशेब.

"दाजी! मी काशीहून! बिंदुमाधव!" गुरुजी ओरडले.

"ओरडू नका हो गुरुजी. मशीन बसवलंय कानात." दाजी आता नव्वदीला टेकले होते, पण आवाज खणखणीत. गुरुजींनी अडखळत सगळं सांगितलं.

"गुरुजी, एक बोलू? तेव्हाही मला ऐकू येत होतं. अगदी बहिरा नव्हतो. नाव-गोत्र विचारलंत, तेही ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

"आदल्या दिवशी नातीचा फोन आला होता. आजोबा, आंबे उतरवलेत, कधी येताय? तळव्यात पाणी घेतलं आणि डोळ्यांपुढे ती पोर आणि आंब्याची अढी. चारचौघांत नको कसं म्हणू? गप्प बसलो. तुम्ही पाणी सोडलंत, म्हटलं सुटलो बुवा. तुम्ही ते धरून बसाल हे कुठे ठाऊक!" ते खोकले. "कुठे जायचंय तुम्हाला?"

"लेकीकडे."

"मग जा की! मी त्या दिवशी कुणाची परवानगी काढली होती?"

गुरुजी उठले, पायरीशी आले आणि पाठमोरेच म्हणाले, "मला जायचंय रे." सोळा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. प्रायश्चित्त काय ते परत आल्यावर घेऊ. शास्त्रात सगळ्याला सोय असते, हे दुसऱ्यांना त्यांनीच तर जन्मभर सांगितलं होतं.

मग काय, गल्लीला उधाण. आपले पूर्वज उत्तर ध्रुवाकडून आले असं कुणा थोराने मांडलं होतं, तेवढ्या भांडवलावर जो तो विचारी, "गुरुजी, मूळ गावी निघालात म्हणे? आमचीही जमीन असेल बघा तिथे." जहाज सुटतं त्या गावात मेलेल्या माणसांना पुरत नाहीत, जमीन कायमची गोठलेली, हे कळल्यावर शिवराम खूशच झाला. "म्हणजे काशीच्या बरोबर उलटं! इथे लोक मरायला येतात, तिथे मरायची सोयच नाही. तुम्हाला परत यावंच लागणार."

विमानतळावर सोडायला तोच गेला. शिवपूर मागे पडलं तेव्हा गुरुजींनी डोळे मिटले होते.

"गेली सीमा," शिवराम म्हणाला.

"गेली?" त्यांनी डोळे उघडले. बाहेर पंक्चरवाला, लस्सीचं दुकान, रस्त्यात बसलेली म्हैस. आकाश काही कोसळलं नव्हतं. त्यांना किंचित वाईटच वाटलं.

ईशानी बंदरावर उभी होती. लाल कोटाला मागे बेल्ट होता.

जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरायचं, त्याआधी प्रत्येकाचे बूट तपासायचा तिथला नियम. बाहेरचं बी, बाहेरची माती त्या बेटावर जाता कामा नये. ईशानी हातात ब्रश घेऊन एकेकाचे बूट घासत होती. बाबांच्या रबरी बुटात तिला कापडाची शिवलेली पातळ घडी सापडली. उसवली, तर करडी माती.

"बाबा, हे काय?"

गुरुजी लहान पोरासारखे खाली बघत राहिले. "दुर्गाघाट," ते म्हणाले. "शिवरामचा चावटपणा. मी आधी नाही म्हटलं होतं."

ती हसली नाही. माती कागदात घेतली, पुडी बांधली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग बूट उलटा करून शिवणीतला कण न् कण ब्रशने काढला. "नियम आहे, बाबा," हळूच म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली होती, नीरजाला पडायची तशी.

तर असे बिंदुमाधव लोहोकरे, बुटात काशीचा कणही नसताना, त्या बेटावर उतरले. पायाखाली दगड, दगडांत बोटभर उंचीची फुलं. दूर बर्फावर एक पिवळसर ठिपका चालत होता. "अस्वल," ईशानीने दुर्बीण दिली. ते एकटंच होतं, घाईत नव्हतं, थांबून हुंगायचं आणि पुन्हा चालायचं. गुरुजींनी दुर्बीण बराच वेळ परत केली नाही. शेजारच्या जर्मन बाईने वळून बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल.

जेवणं झाली तरी सूर्य तिथेच. गुरुजी डेकवर आसन टाकून, पुढ्यात पळी-पंचपात्र मांडून, सायंसंध्येसाठी सूर्य बुडायची वाट बघत बसले. सूर्य क्षितिजावरून नुसता आडवा सरकत होता, परिक्रमेला निघाल्यासारखा.

"तो नाही बुडायचा, बाबा. ऑगस्टपर्यंत नाही."

"असं कसं?"

"घड्याळ बघून करा."

तिने समुद्रातून वेचलेला बर्फाचा तुकडा आणला होता. जुना, काचेसारखा, कान लावला तर आत तडतडणारा. गुरुजींनी तो तळव्यावर घेतला. ठंडईवाल्याच्या सिल्लीवर कितीदा टेकलेला तळवा, पण हा गारठा हाडाला भिडला. तो वितळून तळवाभर पाणी होईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नाही. मग डोळे मिटून संकल्प सुरू केला. आधी काळ, मग स्थळ. आणि स्थळापाशी जिभेने पुन्हा तेच केलं. ध्रुवाच्या वाटेवर, बर्फाच्या मधोमध, बिंदुमाधवांच्या तोंडून सवयीने निघालं: अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, आनंदवने, महाश्मशाने...

ते थांबले. डोळे उघडले. समोर ना घाट, ना पायऱ्या. निळा बर्फ आणि न बुडणारं ऊन.

"चुकलं," ते म्हणाले.

ईशानी लहानपणी घाटावर बसायची तशी मांडी घालून समोर बसली होती. गोत्र तिला पाठ, स्थळही पाठ. तिने चूक दुरुस्त केली नाही. ताम्हन नव्हतं, म्हणून स्वैपाकघरातली स्टीलची वाटी तेवढी पुढे सरकवली.

"सोडा बाबा. हात गोठेल."

गुरुजी पाणी तसंच धरून बसले. सोडलं की एक शब्द बांधला जाणार होता, आणि यावेळी कुठला, काशीचा की इथला, ते त्यांचं ठरत नव्हतं. बोटं बधिर झाली. फटींतून थेंब थेंब आपणच वाटीत पडायला लागले, आणि ते लाल कोटाकडे बघत राहिले.