धुराचा अंदाज

"आज पाऊस पडणार! नाही पडला तर मिशी उतरवतो!"

आमचे शेजारी सकाळी ओट्यावरून ओरडत होते. लढाईचे दिवस. कारखान्याची धुरांडी रात्रंदिवस ओकत होती, आश्विन कोरडा ठणठणीत, आणि धूर इतका दाट की आमच्या क्वार्टरांत माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखत. हे गृहस्थ त्या धुराला नाक लावून हवामान सांगत. धूर तिलवाऱ्याच्या घाटाकडे वाकला की पाऊस, मदन महलच्या टेकडीकडे वळला की ऊन. मिशी मात्र अशी, की दोन पोपट आरामात बसावेत.

संध्याकाळी आम्ही न्हाव्यालाच घेऊन त्यांच्या दारात जमलो.

"काहून भाऊ, कुठं पडून राहिला पाऊस?"

"अरे, ठहरो जी!" म्हणत ते भरली बादली घेऊन कौलांवर चढले आणि सगळी आमच्या डोक्यांवर रिकामी केली. "हा घ्या! पडला की नाही?"

न्हाव्यासकट आम्ही ओल्या कपड्यांनी नाचलो. मिशी वाचली!

त्यांची बायको दारात आली.

"स्वयंपाकाचं पाणी होतं ते," ती म्हणाली. "नळ आता उद्या सकाळी येईल."