रेहानाभाभीचा अंगठा

वकिलाच्या ऑफिसात फायलींना कपाट असतं, किस्स्यांना नसतं. ते नुसते साचत जातात. त्यात मी अपघाताच्या नुकसानभरपाईच्या केसेस चालवतो. लोकांना वाटतं, ह्याच्याकडं रोज रडारड. अहो, माणसं रडायचं ते दवाखान्यात रडून आलेली असतात! आमच्याकडं येईपर्यंत त्यांना राग आलेला असतो, भूक लागलेली असते अन् बोलायचं लई असतं.

परवा बार रूममध्ये चहा पिताना एका नव्या पोरानं विचारलं, "सर, तुमची सगळ्यात भारी केस कोणती?" मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, घाटनांदूरची रेहानाभाभी! मग जो बोलायला लागलो, तर चहा गार झाला तरी कुणी उठेना.

*

रेहानाभाभी म्हणजे बांगड्यावाली. घाटनांदूरच्या आसपास लग्न असो, डोहाळजेवण असो, भाभीचे डबे आल्याशिवाय बायकांचं पान हलत नसे. नवरा मकबूलभाई, त्यांचा फळांचा गाडा. एका दुपारी दोघं लग्नाचा चुडा भरून मोटरसायकलवर परत येत होते. मकबूलभाई चालवतायत, मागं भाभी, भाभीच्या मांडीवर डबे. मागून जीप आली अन् दिली ठोकर!

मकबूलभाईंचं खरचटण्यावर भागलं. भाभीचा उजवा हात मनगटात मोडला, अंगठ्याचं बूड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतंय?"

भाभी म्हणाली, "डबे कुठं हायत?"

"अहो बाई, हाताचं हाड मोडलंय!"

"हाड जुडतंय, साहेब. काच जुडत न्हाई!"

शेवटी मकबूलभाई तसेच लंगडत रस्त्यावर गेले अन् जेवढे डबे सापडले तेवढे घेऊन आले. भाभीनं डाव्या हातानं एक एक डबा उघडून पाहिला, मगच प्लास्टर घालू दिलं.

*

हाड जुडलं. अंगठा मात्र जुडून न जुडल्यासारखा राहिला. भाकरी थापता येते, केस विंचरता येतात, पण दाबायची ताकद गेली. अन् बांगड्या भरणं म्हणजे सगळं दाबण्याचंच काम. समोरचीचा पंजा दाबून बारीक करायचा, तिचा अंगठा आत घ्यायचा अन् ती 'आई गं' म्हणायच्या आत बांगडी मनगटावर. अंगठाच नाही म्हटल्यावर धंदा संपला.

भाभीचं म्हणणं एकच होतं. भरपाई मिळाली तर स्टँडजवळ दुकान टाकायचं. सून शाहीन बांगड्या भरंल, आपण गल्ल्यावर बसायचं. जीपच्या विमा कंपनीचं म्हणणं, "हात हलतोय की! किरकोळ इजा आहे." म्हणजे भाभीचा हात कामाचा राहिला नाही, एवढं कोर्टाला पटवून द्यायचं होतं. एवढंच! पण पटवून द्यायचं कुणाकडून? भाभीकडून. अन् तिथंच माझ्या डोक्याचे केस पिकले.

*

पहिल्या तारखेला भाभी आली तर उजव्या हाताला हे एवढं मोठं बँडेज. खांद्यापर्यंत! मी मकबूलभाईंना बाजूला घेतलं.

"मकबूलभाई, हे काय कलिंगड बांधून आणलंय?"

"वकीलसाब, कोर्टाला दिसाय पायजे ना!"

"अहो, प्लास्टर निघून किती महिने झाले!"

"साब, गाड्यावर आमी आंबा गवतात ठेवतो. नुसता ठेवला तर कोण बघतं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हे पाहिलं तर जजसाहेब केस बाहेर फेकतील अन् मागून मला फेकतील! पण मला ओरडायची गरज पडली नाही. भाभीनं व्हरांड्यात उभ्या उभ्या डाव्या हातानं सगळं बँडेज सोडलं अन् त्याची गुंडाळी नवऱ्याच्या हातात दिली.

"मी सांगत हुते ह्यांना. खोटं कावून करायचं? खरंच मोडलाय ना हात!"

मकबूलभाई ती गुंडाळी खिशात कोंबत होते, ती काही मावेना. दिवसभर त्यांचा एक खिसा फुगलेलाच होता.

*

आता तुम्ही म्हणाल, बाई खरं बोलणारी आहे, मग वकिलाला चिंता कसली? अहो, तीच तर चिंता! भाभी खरं बोलते, पण परक्या माणसापुढं दुखणं सांगत नाही. आपल्याकडची रीतच ती. कुणी विचारलं 'कसं काय' की 'बरं हाय' म्हणायचं. मग पाय तुटलेला असो नाहीतर घर जळत असो!

अपंगत्वाचा दाखला काढायला गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय भाभी, कसा आहे हात?"

"बरा हाय, साहेब. अल्लाची मेहेरबानी."

"दुखतो का?"

"चालायचंच. तुमी कसे हाव? पोरंबाळं बरी हायत ना?"

डॉक्टर खूश! दाखल्यावर टक्का आला चिमूटभर. मी बाहेर येऊन भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं. मकबूलभाई तर माझ्यापेक्षा जास्त पेटलेले.

"घरी मला रोज रातभर सांगते! हितं दुखतंय, तितं दुखतंय, झोपू देत न्हाई! अन् डॉक्टरसमोर मेहेरबानी?"

भाभी म्हणाली, "तुमी माझे शोहर हाव. ते डॉक्टर परके हायत."

मग मी ऑफिसात बसवून भाभीकडून प्रॅक्टिस करून घेतली. "म्हणा, दुखतं." भाभी हसायची. "म्हणा ना!" मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणायची, "दुखतं," अन् लगेच, "पण तुमी जेवलाव का, वकीलसाब?"

*

पुढचा प्रश्न कमाईचा. कंपनीच्या वकील देशमुख मॅडम. हुशार बाई, बोलायला लागल्या की समोरच्याला घाम फुटतो. त्यांनी पहिल्याच झटक्यात टाकलं, "ह्यांच्या धंद्याचा पुरावा काय? लायसन नाही, पावती नाही. ह्या गृहिणी आहेत."

मी मकबूलभाईंना सांगितलं, गावातून एक साक्षीदार आणा. एक म्हटलं होतं हो! तारखेला बघतो तर कोर्टाच्या दारात टेम्पो उभा अन् त्यातून बायका उतरतायत. उतरतायत, उतरतायत, संपेचनात. सगळ्यांना साक्ष द्यायची होती! कुणी नव्या साड्या नेसलेल्या, कुणी डबा बांधून आणलेला.

जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, साक्षीदार एकच पुरे."

बाहेर भांडण जुंपलं, कोण जाणार म्हणून. शेवटी सगळ्यात वयस्कर कलावतीमावशी पिंजऱ्यात उभी राहिली. देशमुख मॅडमनी विचारलं, "मावशी, रेहाना ह्यांच्याकडून तुम्ही बांगड्या भरल्या, ह्याची एखादी पावती आहे का?"

मावशीनं दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत भरलेले. अन् जोरात हलवले! सगळ्या कोर्टात खणखणाट झाला.

"ही काय पावती, बाई! वाचून घ्या!"

मागच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या बायकांनीही हात वर केले. शिपाई 'शांतता, शांतता' ओरडत होता, पण त्याचं ऐकू कुणाला येतंय! स्टेनो मान खाली घालून हसत होता. मी मनातल्या मनात म्हटलं, आता लिहा म्हणावं गृहिणी!

*

कंपनीलाही कळलं, हे प्रकरण सोपं नाही. लोक अदालतीत तडजोडीला आले. त्यांचा साहेब म्हणाला, "गृहिणी धरून जेवढे बसतात तेवढे देतो. आजच्या आज सही करा अन् मोकळे व्हा."

मकबूलभाईंनी पेन काढलंसुद्धा! भाभीनं मला विचारलं, "गृहिणी म्हंजे काय लिवणार?"

"घरकाम करणारी."

"घरकाम तर मी करतेच, ते कोण मोजतंय? पण ह्या हातानं किती पोरींचे चुडे भरलेत, वकीलसाब. ते काम न्हाई का?"

"भाभी, पैसे मिळतायत ते घ्या. पुढं काय होईल सांगता येत नाही."

"माझं काम गेलंय, अन् हे म्हणतात तुझं काम नव्हतंच. सही न्हाई करायची!"

मी चिडलो. साहेब चिडला. मकबूलभाई तर उठूनच गेले, गाड्याकडं जाऊन बसले अन् भाभीशी बोलेनात. संध्याकाळी मला त्यांचा फोन.

"वकीलसाब, बरोबर हाय ती. पण तिला सांगू नका, मी बोललो म्हणून."

*

त्यानंतर कंपनीनं तपासनीस सोडला. त्यानं दिंद्रुडच्या एका लग्नात जाऊन व्हिडिओ काढला अन् देशमुख मॅडमनी तो कोर्टात लावला. व्हिडिओत काय, तर भाभी नवरीसमोर बसलेली, नवरीचा हात हातात, बाजूला बांगड्यांचे डबे, सगळ्या बायका हसतायत.

"बघा साहेब! अर्जदार व्यवस्थित धंदा करतेय!"

मी भाभीकडं बघितलं तर ती व्हिडिओ बघून कौतुकानं हसत होती. "लई गुणी पोरगी हाय ती," मला म्हणाली.

खरी गोष्ट अशी, की गावोगावच्या बायकांना अजूनही नवरीच्या हाताला पहिला हात भाभीचाच लागतो. भाभी हात धरते, शेजारी बसलेली शाहीन बांगड्या भरते. पण व्हिडिओ नेमका शाहीननं हात लावायच्या आधी संपला होता. तपासनीसाचा उलटतपास मी घेतला.

"पुढचं शूटिंग कुठं आहे?"

"नाही."

"का नाही?"

त्यानं खाली बघितलं. "पंगत बसली, साहेब."

"तुम्हाला जेवायला कुणी बोलावलं?"

तो शर्टाची कॉलर नीट करायला लागला. जजसाहेब म्हणाले, "उत्तर द्या."

"ह्यांनीच," त्यानं भाभीकडं बोट केलं. "म्हणाल्या, भैया, उपाशी जाऊ नको."

जजसाहेबसुद्धा हसले. पण देशमुख मॅडम हसल्या नाहीत. त्या ताडकन उठल्या अन् म्हणाल्या, "साहेब, वाद कशाला? अर्जदारानं इथंच बांगडी भरून दाखवावी. हा माझा हात!"

*

जजसाहेबांनी मला विचारलं, "तयारी आहे?"

मी काय सांगू? मॅडमचा हात नाजूक, मऊ. चुकून बांगडी सरकली तर केस खलास, दुकान खलास. मला भाभीची भीती वाटत होती. दुसरी कुणी असती तर हात थरथरवून सोडून दिला असता. ही भरायचा खरंच प्रयत्न करणार! मी तिच्याकडं बघितलं. ती उठलीसुद्धा होती.

"साहेब, मॅडमला बसाय सांगा. उभ्यानं बांगड्या भरत न्हाईत."

शिपायानं खुर्ची आणली, भाभीसाठी स्टूल आणलं. मॅडमनी उजव्या हातातली सोन्याची पाटली वर सारली. शाहीन दारात डबा घेऊन उभी होती. भाभीनं मॅडमचा पंजा एकदा चाचपला, डब्यातली एक हिरवी बांगडी उचलली अन् सुरुवात केली.

बोटांवरून बांगडी झरकन गेली. मॅडमनी माझ्याकडं विजयानं बघितलं. मग बांगडी अंगठ्याच्या बुडाशी आली अन् अडली.

भाभीनं दाबलं. तिचा अंगठा दाबेना. परत दाबलं. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ घट्ट मिटले, मान खाली गेली. ती काही दाखवत नव्हती हो! तिला ती बांगडी खरंच भरायची होती. आख्ख्या आयुष्यात कुठल्या बाईचा हात तिनं असा अर्ध्यात सोडला नव्हता. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाकावर मकबूलभाई तोंडावर रुमाल धरून बसले होते.

मॅडमचा आवाज खाली आला. "पुरे. काढा आता."

पण बांगडी मागंही येईना! अंगठ्याच्या हाडावर गच्च बसली होती. शिपाई पुढं झाला. "फोडू का, साहेब?"

मॅडमनी हात झटकन छातीशी घेतला. "खबरदार! सवाष्ण आहे मी!"

भाभीसुद्धा कळवळली. "न्हाई न्हाई, फोडायची न्हाई! शाहीन, ये गं."

शाहीन आली. तिनं मॅडमचा पंजा धरला, एकदाच दाबला, अन् मॅडम 'आई गं' म्हणायच्या आत बांगडी मनगटावर!

जजसाहेब स्टेनोकडं वळले. "लिहा. अर्जदाराने पूर्ण प्रयत्न केला. अंगठ्यात दाबायची ताकद उरलेली नाही. बांगड्या भरणे हा तिचा व्यवसाय होता. या हाताने तो यापुढे होणार नाही." मग मॅडमकडं बघून म्हणाले, "मॅडम, काही हरकत?"

मॅडमनी सवयीनं हात वर केला. हिरवी बांगडी घसरून पाटलीवर खण्णकन आपटली. मॅडमनी बांगडीकडं बघितलं. मग भाभीकडं बघितलं.

"हरकत नाही, साहेब."

भाभीनं पदरानं तोंड पुसलं अन् स्टूल मॅडमच्या आणखी जवळ ओढलं.

"मॅडम, एकाच हातात चांगली दिसत न्हाई. तो बी हात द्या, शाहीन भरंल."

देशमुख मॅडमनी डाव्या हातातलं घड्याळ काढलं.